फिरवता येणारे आर्म

संघाच्या गाडीचे पुढचे टायर आतल्या कडेनं झिजत होते आणि त्यापायी माझ्या नवऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती. बाहेरून पाहिलं तर टायर नवे दिसत. खाली वाकून आतल्या बाजूला हात फिरवला की बोटाला दोरे लागत. दुष्काळाचं साल, टायर सहजी मिळत नव्हते, आणि गाडीचं काही बिघडलं की आधी ड्रायव्हरकडं बघायचं ही आमच्याकडची रीत.

लिहिताना मी नवऱ्याला एकेरीतच लिहिते. तोंडावर अहो-जाहोच होतं.

तो तालुक्याच्या एका सहकारी संघात ड्रायव्हर होता. आम्ही कळंबला राहायचो. मी बालवाडी चालवायची. नोकरी त्याची, पण कच्ची. दर वर्षी सभेच्या आधी चेअरमन म्हणायचे, "यंदा तुला कायम करू." आणि दर वर्षी सभा आटोपून जायची. कायम झाला की वर्दी, रजा आणि म्हातारपणाची थोडी निश्चिंती. आमच्या घरात त्या वेळी याहून मोठं दुसरं काही मागणं नव्हतं.

गाडी जुनी अमेरिकन होती. काळी, लांबलचक, पुढं दोन मोठे दिवे. निजामाच्या वेळच्या कुणा मोठ्या घरातून लिलावात आली होती. चेअरमनना जीप चालली असती, पण जीप सगळ्यांकडं असते. ही गाडी गावात शिरली की लोक उठून उभे राहत. पुढं तीन, मागं पाच, असे आठ-आठ जण घेऊन ती जनावरांच्या छावण्या आणि दुष्काळी कामं बघत फिरायची. कुणाच्या दारी उतरले की संचालक आत जात आणि माझ्या नवऱ्यासाठी पाण्याचा तांब्या बॉनेटवर ठेवला जाई. हातात कुणी देत नसे. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन साली धर्म बदलला होता, तांब्या ठेवणाऱ्यांनी काही बदललं नव्हतं.

रस्त्यांचं सांगायला हवं. दुष्काळी कामावर बाया दिवसभर खडी फोडत. ती खडी रस्त्यावर पसरली जाई. पण पसरल्यावर तिच्यावर पाणी मारून रूळ फिरवावा लागतो, आणि प्यायला पाणी नसताना रस्त्याला कुठून आणायचं? म्हणून महिनोन् महिने सुटी खडी तशीच पडलेली. बेंबळीकडं जा, नाहीतर भूमकडं, गाडी रस्त्यावरून न जाता दगडांच्या ढिगावरून जायची. त्या दगडांनी गाडीच्या पुढच्या चाकांवरचे आर्म वाकवले.

हे आर्म म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन लोखंडी हात असतात. गाडीच्या सांगाड्याला ते धरलेले असतात आणि चाक त्यांच्या टोकाला. वरचा हात आखूड झाला की चाकाचा माथा आत कलतो आणि टायरची आतली कड झिजते. वरचा लांब झाला की माथा बाहेर. एवढंच. पण त्यासाठी संचालक मंडळाची बैठक भरली, कारण संघात फडका घ्यायचा तरी ठराव लागे.

बैठकीचं मला नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं. तो दाराशी उभा होता, विचारलं तर बोलायला. एक संचालक म्हणाले, "आमच्या बैलगाडीचं चाकबी कलतंय. आमी कुठं सोलापूरला जातोय?" सगळे हसले. दुसरे म्हणाले, "लोहाराकडनं तापवून सरळ करून घ्या." नवऱ्यानं सांगितलं की तापवलेलं लोखंड मऊ पडतं, महिन्याभरात पुन्हा वाकेल. मग चेअरमननी विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?" तो म्हणाला, लांबी कमीजास्त करता येईल असे वरचे आर्म सोलापुरात करून मिळतात. ठराव झाला. ठरावाच्या शेवटी मॅनेजरनं आपणहून एक ओळ घातली, की सदर आर्मची जुळणी व देखभाल ड्रायव्हरने करावी. नवऱ्याला त्या ओळीचा आनंद झाला. त्याला वाटलं, आपल्यावर भरवसा टाकला.

सोलापूरला मी बरोबर गेले. मला बालवाडीसाठी पाट्या घ्यायच्या होत्या. लेथच्या दुकानात मिस्त्रीनं फळीवर दोन जोड ठेवले. एक जोड तशाच एका मोडीत निघालेल्या गाडीचा, अस्सल, जाड, एकाच मापाचा. दुसरा त्यानं स्वतः केलेला. त्याला इंग्रजी ए अक्षरासारखे दोन पाय होते, आणि प्रत्येक पायात एका टोकाला सुलटे, दुसऱ्या टोकाला उलटे आटे. मधली नळी फिरवली की पाय लांब व्हायचा किंवा आखूड. मग बाजूचा चेकनट आवळला की तो तिथंच धरून ठेवायचा.

"दोन्ही पाय सारखे फिरवायचे," मिस्त्री म्हणाला. "एकच फिरवलास तर चाक पुढंमागं सरकंल आन् गाडी एका अंगाला वढंल."

"आटे बारीक का नाही केले?" नवऱ्यानं विचारलं.

"बारीक आटे शहरात. तुमच्या धुळीत चिकटून बसतील. जाडच ठीक हायेत."

मी अस्सल जोड उचलून पाहिला. जड होता, पण त्यात हलणारं काही नव्हतं. मी म्हटलं, "हे घ्या की. बसवले की सुटलो."

"अगं, हे मूळ मापाचं हाय. गाडी कुठं मूळ मापाची राहिलीय? स्प्रिंगा बसल्यात, सांगाडा दोनदा जोडलाय. मूळ मापाचा आर्म लावला तरी चाक कलणारच."

"पण ज्याला नट आहे त्याला कुणाचाही पाना लागतो."

"कुणाला कळतंय त्यातलं?" तो म्हणाला.

मिस्त्री दोघांकडं बघत बिडी ओढत होता. "दोघांचंबी खरं हाय," म्हणाला. "आता ठरवा, माझी भट्टी थंड व्हायलीय."

नवऱ्यानं फिरवता येणारे घेतले. गाडीच्या बाबतीत त्याचंच बरोबर होतं, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते.

ते बसवले संघाच्या गोदामामागच्या फरशीवर. शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मी मागून आणला. नवऱ्यानं आधी गाडीत खताची पोती भरली, आठ माणसांच्या वजनाएवढी. मी चाकाच्या माथ्याशी दोरी धरायची, तो खाली पडून नळी फिरवायचा. "वर किती?" "बोटभर आत." "आता?" "अर्धं बोट." "आता?" "सरळ." असं दोन्ही चाकांचं केलं. पोती काढल्यावर गाडी वर उठली आणि चाकांचे माथे जरा बाहेर गेले. रिकामी गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मी हसले. तो म्हणाला, "हिला रिकामी चालवायचीय कुणाला? ओझ्याखाली सरळ उभी राहिली म्हंजे झालं."

मग त्यानं प्रत्येक चेकनटवरून नळीवर लाल ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. ही त्याची नेहमीची पद्धत होती. आट्यांना ग्रीस लावून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. ते मीच शिवले होते, धूळ जाऊ नये म्हणून.

टायर सारखे झिजायला लागले. गाडी हात सोडला तरी सरळ जायची. चेअरमन खूष. "या सभेत तुला कायम करतोच," म्हणाले. या वेळी मॅनेजरनं कागदही तयार केला, असं ऐकलं.

तेवढ्यात मुंबईहून पाहुणे येणार असं कळलं. दुष्काळाची पाहणी. संघाची गाडी त्यांच्या दिमतीला. गाडी धुतली, पुसली, समोर उभी केली. चेअरमन बाहेर आले आणि चाकांकडं बघून थबकले.

"ही अशी फेंगडी का उभी हाय रे?"

नवऱ्यानं समजावलं. माणसं बसली की सरळ होते.

"पाहुणे काय आत बसल्यावर चाक बघणार हायेत? उभी असतानाच बघत्यात ना? सरळ कर."

"साहेब, रिकामी सरळ केली तर भरल्यावर आत कलंल. टायर खाईल."

"तू मला शिकवू नको."

त्यानं केलं नाही. 'हो' म्हणाला आणि केलं नाही. कायम व्हायच्या कागदापायीही नाही. आमच्या घरात कोण हट्टी, असं कुणी विचारलं तर लोक माझं नाव घेतील, पण ते खरं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याला एक पाकीट देऊन एस.टी.नं धाराशिवला धाडलं. संध्याकाळी परत आला तर गाडी अगदी ताठ उभी. चेअरमनचा पुतण्या बाजूला हात पुसत होता. हा पुतण्या नुकताच गाडी शिकला होता आणि ती जागा आपल्याला मिळावी असं त्याला वाटत होतं, यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यानं लपवलंही नव्हतं. नवऱ्यानं वाकून पाहिलं. ट्यूबचे तुकडे ओढून काढलेले. लाल रेघा तुटलेल्या. उजव्या आर्मचे दोन्ही पाय फिरवलेले, डाव्याचा एकच.

तो मॅनेजरकडं गेला. मॅनेजर म्हणाला, "पाहुणे जाऊ दे. मग तुझं तू कर."

पण पाहुणे लवकर जाईनात. पाहुण्यांसमोर चांगल्या रस्त्यावर पुतण्या चालवायचा आणि खडी लागली की चाक नवऱ्याच्या हातात द्यायचा. गाडी डाव्या अंगाला ओढत होती. नवऱ्याचे दंड रोज घरी आल्यावर दुखायचे, मी तेल लावून द्यायची. "किल्ली माझ्याकडं न्हाय," एवढंच तो म्हणायचा. "एक दुपार मिळाली तरी नीट करतो."

ती दुपार मिळाली नाही. भूमच्या वाटेवर पुढचा टायर फुटला, गाडी खडीच्या ढिगात घुसली. नवरा चालवत होता. कुणाला इजा झाली नाही. चेअरमनचा चष्मा फुटला आणि पाहुण्यांच्या देखत त्यांना वाकून तो शोधावा लागला. मला वाटतं, टायरपेक्षा ते त्यांना जास्त लागलं.

वार्षिक सभेच्या विषयांत एक विषय आला, वाहनचालकाच्या हलगर्जीपणाबाबत विचार करणे. त्याला कायम करण्याचा विषय कुठं गेला, कुणी सांगितलं नाही.

आता या संघाची एक तऱ्हा. सभासद वाढावेत म्हणून पुष्कळांनी बायकांच्या नावे एकेक शेअर घेतला होता. नवऱ्यानं माझ्या नावे घेतला होता. सभेच्या आधी शिपाई घरोघर फिरून बायकांच्या सह्या नि अंगठे घेऊन जायचा आणि बायका घरीच राहायच्या. कागदावर सभा गच्च भरायची. त्या वर्षी शिपाई आला तेव्हा मी म्हटलं, "सही तिथं येऊन करते."

"बाई, कशाला तरास घेता?"

"सभा कशी असते ते बघायचंय."

जिनिंगच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. बायका आम्ही तिघीच, त्यातल्या दोघी चहा करायला आलेल्या. विषय धडाधड चालले होते. मॅनेजर वाचायचा, चेअरमन "मंजूर?" म्हणायचे, सगळे "मंजूर, मंजूर" म्हणायचे. आमचा विषय आला तशी मी उभी राहिले.

"अध्यक्षसाहेब, मला बोलायचंय."

"बाई, बायकांची बसायची सोय तिकडं हाय."

"बसायची तिकडं असंल. बोलायची कुठं हाय?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. चेअरमनही हसले. "बोला. डायव्हरची मंडळी दिसताय."

"सभासद आहे," मी म्हटलं. "गाडी बाहेरच उभी आहे. सगळ्यांनी एकदा बघावी. रिकामी बघावी आणि भरून बघावी. मग काय ते ठरवा."

त्यांनी नकारच दिला असता, पण सर्वांत वयस्कर संचालक, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते उठले. "चला की. बसून बसून पाय आखडले." तात्या उठले म्हणून सगळी सभा उठली.

मी पिशवीतून ओळंबा काढला. आधी लाल रेघा दाखवल्या. नटावरची अर्धी रेघ एकीकडं, नळीवरची अर्धी दुसरीकडं. वाकून वाकून लोकांनी बघितल्या. मग दोरी धरली. चाक सरळ. मग म्हटलं, आता संचालकांनी बसावं. ते बसताना काय हशा! "तात्या, पोट आत घ्या." "अरं, मागं अजून एक मावतोय, धाडा मॅनेजरला." आठ जण बसले, गाडी खाली दबली, चाकाचा माथा दोरीपासून सरकत आत गेला. सगळ्यांनी पाहिलं. तात्या उतरून आले, चाकाच्या माथ्यावर हात ठेवला, गुडघ्यावर हात देऊन खाली वाकले, टायरची आतली कड चाचपली.

"व्हय की," म्हणाले. "कललंय."

मला वाटलं, झालं. माझा नवरा गर्दीच्या मागं भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता.

सभा आत येऊन बसली. चेअरमन शांतपणे म्हणाले, "बाईंनी चांगलं दाखवलं. नट फिरवलेले हायेत, हे आपुन सगळ्यांनी बघितलं. आता मला सांगा, हे आटे फिरवायचं कुणाला येतं?"

सगळ्यांच्या माना माझ्या नवऱ्याकडं वळल्या.

"मॅनेजर, ठराव वाचा. देखभाल कुणी करायची?"

मॅनेजरनं वाचलं. ड्रायव्हरने करावी.

"मग फिरवलं कुणी?"

"पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हे धाराशिवला होते," मी उभी राहून म्हटलं. "तुमच्या पुतण्यानं..."

पुतण्या सुपारी चघळत दारात उभा होता. "वहिनी, मला तर कुठला पाना लागतोय हेबी म्हाईत न्हाय," म्हणाला, आणि शेड हसली. मघाशी गाडीपाशी हसली होती तशीच, अगदी तशीच हसली.

"साधे आर्म घ्या म्हणत होतो आपुन," कुणी संचालक बोलले. हे कुणीच म्हणालं नव्हतं. "यालाच फिरवायचे पायजे होते."

"मंजूर?"

"मंजूर, मंजूर."

हात वर करा असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी तात्यांनी केला. चाकावर ठेवलेला तोच हात. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वर पत्र्याकडं. हजेरीत माझी सही होतीच. सभेला उपस्थित असलेल्यांनी एकमतानं ठराव मंजूर केला, असं लिहिलं गेलं, त्यात मीही आले.

घरी जाताना तो पुढं, मी मागं. वेशीपाशी थांबला.

"तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"खोटं बोलले का मी?"

"चेअरमननी सकाळीच निरोप धाडला व्हता. पाया पड, चूक झाली म्हण, मग बघू. विषय मागं घेतला असता."

"मग पडला असता तुम्ही?"

तो वेस ओलांडून चालू लागला. मी हे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. तो पाया पडला असता तर कायम झाला असता का? कदाचित. चेअरमनचा शब्द काय होता ते आम्ही आधी पाहिलं होतंच. पण माझ्यामुळं ते 'कदाचित'सुद्धा गेलं, असं त्यानं धरलं. आणि सोलापुरात मी अस्सल जोड उचलला होता, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं. आमच्या संसारात त्यानंतर या दोन गोष्टी कायमच्या येऊन बसल्या, दोघांच्या मधे, आणि आम्ही त्यांच्या दोन्ही बाजूंनी चहापाणी, मुलांच्या शाळा, लग्नकार्यं सगळं नीट केलं.

गाडी पुतण्याकडं गेली. त्यानं तिचे आणखी टायर खाल्ले, मग ती गोदामामागं विटांवर चढवून ठेवली, आणि ऐंशीच्या सुमारास संघानं जीप घेतली. ठरावानं.

नवऱ्याला पाण्याच्या टँकरवर रोजंदारी मिळाली. आमच्या भागात टँकर कधी बंद पडत नाहीत, ते काम पुष्कळ वर्षं पुरलं. टँकर तो चांगला ठेवायचा. फक्त एक नवीनच सवय लागली होती. ज्या नटाला कुणाचा हात लागेल असं त्याला वाटे, त्यावर तो वेल्डिंगचा टाका मारून आणी. मेकॅनिक वैतागायचे. एकदा माझ्यासमोरच एकानं पाना आपटला.

"अहो मामा, हे उघडायचं कसं?"

"उघडायचंच न्हाय," तो म्हणाला.

"मग बिघडलं तर?"

"बिघडू दे."

रेघ ओढायचा लाल रंग घरात पुष्कळ दिवस पडून होता. एकदा डबा उघडला तर आत दगड झालेला. मी फेकून दिला.